ओढा नकाशावर आणताना : विकास आराखड्यावरच्या एका हरकतीची गोष्ट

विकास आराखड्यावर, म्हणजे शहरात कुठे काय होणार हे ठरवणाऱ्या नकाशावर, हरकत घेतात म्हणजे नेमकं काय करतात, हे फेब्रुवारी २०२४ पर्यंत मला माहीत नव्हतं. ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ हे वाक्य पेपरात कितीदा वाचलं असेल, पण ते वकिलांसाठी आणि बिल्डरांसाठी असतं अशी माझी समजूत होती. पुढचं वर्षभर आमच्या कॉलनीतले आम्ही काहीजण त्यात गुंतलो. आता नगरपरिषदेच्या पातळीवरचं काम संपलंय, फाईल शासनाकडे गेलीय. गेल्या काही महिन्यांत बाजूच्या दोन गावांतून ‘तुम्ही काय केलंत ते सांगा’ म्हणून फोन आले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. शहराचं नाव मुद्दाम टाळतेय. मंजुरी बाकी आहे आणि ह्याच मंडळींच्या टेबलापुढे पुन्हा उभं राहायचंय.

आधी जागा समजून घ्या. आमचं शहर कृष्णेच्या खोऱ्यातलं, मध्यम आकाराचं. २००५, २०१९ आणि २०२१ ही महापुराची तीन वर्षं आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ आहेत. आमची कॉलनी नदीपासून चांगली लांब, चढावर आहे. नदीचं पाणी समोरून आमच्याकडे कधीच येत नाही. पण कॉलनीच्या पश्चिमेला एक ओढा आहे. आठ महिने तो कोरडा असतो, बाभळी आणि कचऱ्यानं भरलेला. पावसाळ्यात वरच्या शिवाराचं सगळं पाणी तोच नदीत नेऊन टाकतो. नदी चढली की ओढ्याचं तोंड बंद होतं, वरून येणारं पाणी थांबतं आणि फुगवटा मागे सरकत आमच्या खालच्या गल्लीत शिरतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या गल्लीतल्या घरांत कमरेएवढं पाणी होतं आणि नदीची निळी रेषा मात्र तिथून बरीच लांब.

पूररेषांबद्दल दोन वाक्यं, कारण पुढे त्या लागणार आहेत. जलसंपदा विभाग नदीच्या दोन रेषा आखतो. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींसह परवानगी. ह्या रेषा नदीच्या असतात. आमच्यासारख्या ओढ्यात मागे येणाऱ्या पाण्याला स्वतःची रेषा नसते, आणि तिथूनच आमचं प्रकरण सुरू झालं.

नोटीस आणि नकाशा

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सासऱ्यांनी पेपरातली जाहीर नोटीस कापून ठेवली होती. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम २६ प्रमाणे शहराची प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाल्याची ती नोटीस होती. हरकतींसाठी तीस दिवस. पहिली टीप इथेच : दिवस मोजायचे ते राजपत्रात नोटीस आल्याच्या तारखेपासून, पेपरात वाचल्यापासून नव्हे. आमच्या बाबतीत ह्या दोन तारखांत चार दिवसांचा फरक होता. तुमच्या नोटिशीत मुदत किती आहे ते शब्दन् शब्द वाचा, सगळीकडे ती सारखी नसते.

नकाशे नगरपरिषदेच्या सभागृहात भिंतीवर लावले होते. गर्दी होती, पण प्रत्येकजण एकच काम करत होता : आपला प्लॉट शोधायचा, त्यावर आरक्षण पडलंय का, म्हणजे तो सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलाय का, ते बघायचं आणि नसेल तर सुटकेचा श्वास टाकून घरी जायचं. आमच्या प्लॉटांवर काहीच नव्हतं. आम्हीही घरी गेलो असतो, पण कॉलनीतले एक निवृत्त भूमापक काका सोबत होते. ते नकाशापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “अगं, ओढा कुठाय?”

नदीपासून जुन्या रस्त्याच्या मोरीपर्यंत ओढा निळ्या रंगात होता. मोरीच्या वर तो नव्हताच. त्या जागी सलग पिवळा रंग, म्हणजे रहिवास विभाग, आणि त्यावरून बारा मीटर रुंदीचा प्रस्तावित रस्ता. रस्ता ओढ्याच्या वळणांवर इतका बरोबर बसला होता की तो कुठून आलाय हे वेगळं सांगायला नको. मोकळी, लांबट, कुणाच्याच मालकीची न दिसणारी जागा रस्त्यासाठी सगळ्यांनाच आवडते.

ह्यात कुणी लबाडी केली असं मला वाटत नाही. आराखडा करताना आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतात. त्या पाहणीला माणसं उन्हाळ्यात आली असतील. मोरीच्या वरच्या अंगाला कित्येक वर्षं मुरमाचा आणि बांधकामाच्या राडारोड्याचा भराव पडलाय, उरलेल्या भागातून सांडपाणी वाहतं. बघणाऱ्याला ते गटार दिसलं, त्यानं गटार लिहिलं. गटारावर स्लॅब टाकून रस्ता करता येतो, ओढ्यावर येत नाही.

पुरावे कुठून आणले

नकाशाच्या संबंधित भागाची रंगीत प्रत आणि छापील अहवाल ह्यांना मिळून बाराशे रुपये लागले. पीडीएफ संकेतस्थळावर फुकट होती, पण तिच्यात गट नंबर वाचता येत नव्हते. प्रत घ्याच. अहवालही घ्या, कारण लोकसंख्येचा अंदाज, कुठल्या भागात वाढ धरली आहे, रस्त्यांची यादी हे सगळं त्यात असतं आणि सुनावणीत समोरचे त्याचाच आधार घेतात.

मग काकांनी यादी केली. इथे थोडं रेंगाळते, कारण खरं काम हेच आहे.

गाव नकाशा. उपअधीक्षक, भूमी अभिलेख ह्यांच्या कार्यालयात अर्ज केला. नक्कल फी किरकोळ होती, वाट मात्र आठवड्याहून जास्त पाहावी लागली, म्हणून हा अर्ज पहिल्या दिवशी करा. जुन्या गाव नकाशात ओढा दोन रेषांनी काढलेला असतो आणि त्या दोन रेषांमधल्या जागेला गट नंबर नसतो. हे फार महत्त्वाचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नद्या, ओढे, नाले आणि त्यांचं पात्र ही शासनाची मालमत्ता आहे. म्हणजे भराव पडला तरी ओढा कुणाच्या मालकीचा होत नाही.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा. हा त्यांच्या संकेतस्थळावर नोंदणी करून फुकट उतरवता येतो. आमचा ओढा त्यात बारीक निळ्या रेघेनं, उगमापासून नदीपर्यंत अखंड दिसतो.

गूगल अर्थवरची जुनी उपग्रह चित्रं. वर्षं मागे सरकवत गेलं की भराव कधी पडायला लागला ते दिसतं. प्रत्येक चित्रावर तारीख ठेवून छापा.

आणि सगळ्यात उपयोगी पडलं ते आमच्या घरातच होतं. आमच्या कॉलनीची मूळ जमीन ज्या खरेदीखतानं विकली गेली त्यात चतुःसीमा लिहिलेल्या होत्या आणि त्यात ‘पश्चिमेस ओढा’ असे शब्द होते. नोंदणीकृत दस्त, तारीख, दुय्यम निबंधकांचा शिक्का. ओढ्याच्या पलीकडच्या शेताच्या खरेदीखतात ‘पूर्वेस ओढा’. दोन वेगवेगळ्या मालकांनी दोन वेगवेगळ्या वर्षी एकाच ओढ्याची साक्ष दिलेली. काका इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं चहा पाजला. ते सहसा असं करत नाहीत.

कॉलनीतल्या एका इंजिनीअरिंगच्या पोरानं गाव नकाशा आणि आराखड्याचा नकाशा क्यूजीआयएसमध्ये एकावर एक बसवून दिला. क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला त्याला एक रविवार लागला. ह्या एका पानानं पुढे जे काम केलं ते माझ्या चार पानी मजकुरानं केलं नाही.

माहिती अधिकाराचा अर्जही टाकला. जलसंपदा विभागाकडे नदीच्या पूररेषेचा अहवाल आणि ओढ्याच्या मुखाजवळच्या पातळ्या मागितल्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम आहेत. उत्तराला तीस दिवस असतात, म्हणजे हरकतीची मुदत संपल्यावरच ते येणार हे उघड होतं. त्यावर उपाय असा की हरकतीतच लिहायचं : ‘सदर माहिती अमुक तारखेस मागितली असून प्राप्त होताच पुरवणी म्हणून सादर करीत आहोत.’ त्या वाक्यामुळे नंतर जोडलेला कागद नाकारला गेला नाही.

लिहिणं आणि देणं

पहिला मसुदा मी लिहिला होता. त्यात पर्यावरण, हवामान बदल, पुढच्या पिढ्या असं सगळं होतं. काकांनी तो वाचला आणि विचारलं, “ह्यात अधिकाऱ्यानं करायचं काय?” त्यांचं म्हणणं असं की समितीपुढे शेकडो कागद येतात. प्रत्येक कागदावर त्यांना एक ओळ लिहायची असते : मान्य, अमान्य किंवा अंशतः मान्य. ती ओळ लिहिता येईल असंच आपण मागायचं.

शेवटी जो कागद गेला त्यात तीन मागण्या होत्या. एक, मोरीच्या वरचा ओढा गाव नकाशाप्रमाणे दाखवावा. दोन, ओढ्याच्या दोन्ही काठांना हरित पट्टा दाखवावा. तीन, बारा मीटरचा रस्ता ओढ्यावरून न नेता पलीकडच्या पाणंदीवरून न्यावा. प्रत्येक मागणीखाली गट नंबर, नकाशाचा भाग क्रमांक, सध्या काय दाखवलंय, काय दाखवावं आणि कोणता जोडकागद पाहावा. हवामान बदलाचा एकच परिच्छेद ठेवला : कमी वेळात जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग वाढताहेत, २०१९ च्या महापुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलेलं आहे आणि पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात वीसहून अधिक माणसं गेली. तो पूर नदीचा नव्हता, ओढ्याचा होता.

तिसऱ्या मागणीवर आमच्यात भांडण झालं. काहींचं म्हणणं, रस्ताच नको म्हणा. पण रस्ता हवा आहे. खालच्या गल्लीत आजही अग्निशमन गाडी वळत नाही. शहर पश्चिमेकडे वाढणारच आणि वाढलेल्या वस्तीला रस्ता, शाळा, दवाखाना लागणारच. नुसतं ‘नको’ लिहिलेली हरकत समितीला फेटाळायला सोपी जाते, पर्याय दिला तर त्याचा विचार तरी करावा लागतो. पाणंद आधीच वहिवाटीची आहे, ओढ्यापासून लांब आहे आणि थोडीशी उंचावर. काका आणि तो पोरगा टेप घेऊन ती मोजून आले.

एक सामुदायिक हरकत द्यावी की प्रत्येकानं वेगळी, हाही प्रश्न होता. आम्ही एक सविस्तर हरकत सगळ्यांच्या सह्यांनी दिली आणि ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांनी स्वतःच्या शब्दांत वेगळ्या दिल्या : घर क्रमांक, किती पाणी, पंचनाम्याची प्रत. एकाच मजकुराच्या पन्नास झेरॉक्स दिल्या तर त्या एका गठ्ठ्यात जातात, असं नगररचना शाखेतल्या एका सहायकानंच सांगितलं. ह्या गृहस्थांनी आम्हाला बरीच मदत केली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कागद दिले. शेवटच्या तीन दिवसांत आवक-जावक विभागापुढे रांग जिन्यापर्यंत येते, म्हणून आठवडाभर आधी जा. दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, जोडकागदांची संख्या पहिल्या पानावर लिहून त्यावरही पोच घ्या. बाहेरच्या बाकावर बसलो होतो तिथल्या भिंतीवर माझी वसुंधरा अभियानाची चित्रं आहेत : भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश. ‘जल’च्या चित्रात झुळझुळ वाहणारा ओढा आहे. चित्रकाराला तो बरोबर सापडला होता.

खर्च विचारणाऱ्यांसाठी : नकाशे, नकला, छपाई, झेरॉक्स, रिक्षा आणि एका वकिलांनी मसुदा वाचून दिला त्याचे हजार रुपये, असं सगळं धरून साडेचार हजारांच्या आसपास गेले. वीसेक घरांत वाटून घेतले.

वाट

मार्चच्या मध्याला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं थांबलं. एप्रिल, मे गेले. चौकशीला गेलं की ‘निवडणुकीनंतर’ हे एकच उत्तर. ह्या काळात लोक गळतात. आमच्या गटावरचे मेसेज कमी होत होत शेवटी वाढदिवसांच्या शुभेच्छांवर आले. मलाही दोन-तीनदा वाटलं की जाऊ दे.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली, कृष्णाही चढली. आमचा ओढा पुन्हा तुंबला. ह्या खेपेला पाणी घरांत आलं नाही, गल्लीच्या तोंडाशी थांबलं. पण आता आम्ही शहाणे झालो होतो. पाणी मोरीपाशी, भरावापाशी आणि गल्लीच्या खांबापाशी कुठवर आलंय त्याचे फोटो तारीख-वेळेसह काढले, खांबावर रंगानं खूण केली आणि त्या दिवशीची नदीची पातळी जलसंपदा विभागाच्या दैनिक पत्रकातून टिपून ठेवली. माहिती अधिकारातली उत्तरंही तोवर आली होती. दोन्हींची पुरवणी करून ऑगस्टच्या सुरुवातीला दिली. मुखाशी नदी किती चढली की ओढा कुठपर्यंत फुगतो, हे आता आमच्याजवळ आकड्यांत होतं.

सुनावणी

सुनावणीची नोटीस टपालानं आली ती सुनावणीच्या तीन दिवस आधी. ज्यांचे पत्ते अर्धवट होते त्यांना आलीच नाही. त्यामुळे हरकतीवर पत्ता, पिनकोड आणि मोबाईल नंबर स्पष्ट लिहा, आणि सुनावण्या सुरू झाल्याचं कळलं की कार्यालयातल्या फलकावरची यादी स्वतः जाऊन पाहा.

कायद्यात ह्या कामासाठी नियोजन समिती सांगितली आहे : स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले बाहेरचे जास्तीत जास्त चारजण. आमच्याकडे तेव्हा प्रशासक होते, निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, त्यामुळे टेबलापलीकडे सगळे तज्ज्ञ आणि अधिकारी. नगरसेवक असते तर बरं झालं असतं की वाईट, ह्यावर कॉलनीत अजून एकमत नाही.

सकाळी अकराची वेळ दिली होती, आमचा नंबर दुपारी अडीचला लागला. डबा न्या, पाण्याची बाटली न्या, आजीआजोबांना नेणार असाल तर औषधं न्या. आत गेल्यावर मिळाली ती चार-पाच मिनिटं. मी टिपण काढलं होतं, ते वाचायची वेळच आली नाही. समितीतल्या एकांनी विचारलं, “थोडक्यात काय?” काकांनी काही न बोलता दोन नकाशे एकावर एक बसवलेलं पान पुढे सरकवलं.

मग प्रश्न आले. ओढ्याची रुंदी किती धरली? गाव नकाशावरून. प्रत्यक्ष मोजणी झालीय का? नाही, शासनानं करावी अशी विनंती आहे. पाणंदीची रुंदी किती? कुठे साडेचार मीटर, कुठे सहा. म्हणजे बारा मीटरसाठी शेतजमीन जाणार? हो, जाणार. हे ‘हो’ म्हणताना माझा आवाज जरा खाली आला, कारण ती जमीन ज्यांची जाणार ते तात्या आमच्या मागच्याच रांगेत बसले होते.

तात्यांचा मळा ओढ्याच्या पलीकडे आहे. त्यांनीही हरकत घेतली होती, आमच्या उलट. त्यांचं म्हणणं : आज माझी जमीन पिवळ्यात आहे, मुलीच्या लग्नाला, पोराच्या धंद्याला ती कधीतरी कामाला येईल, हिरवा पट्टा केलात तर तिला कोण विचारणार? नदी तुमच्या घरात येते त्याचं मला दुःख आहे, पण त्याची किंमत मी एकट्यानं का द्यायची? समितीपुढे त्यांनी हे शांतपणे सांगितलं. ऐकताना मला आमच्या हरकतीतली एक ओळसुद्धा चूक वाटली नाही आणि त्यांचीही नाही.

बाहेर आल्यावर त्या नगररचना शाखेच्या सहायकानं दोघांनाही थांबवून सांगितलं की हरित पट्ट्यात जाणाऱ्या भागाचा एफएसआय (जमिनीवर किती बांधकाम करता येतं त्याचं प्रमाण) मालकाला त्याच्या उरलेल्या सलग जमिनीवर वापरण्याची तरतूद आहे, तो मुद्दा तात्यांनी लेखी मांडावा. पुण्याच्या टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणात आठ टक्के टीडीआरवरून (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किती वर्षं ओढाताण चाललीय हे तात्यांना माहीत होतं, मला तेव्हा कळलं. त्यामुळे मोबदल्याच्या शब्दांवर त्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

काय मिळालं

सुनावणीनंतर कुणी लेखी काही देत नाही. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता, पुन्हा शांतता. डिसेंबरमध्ये मी नियोजन समितीच्या अहवालातल्या आमच्या हरकतीच्या नोंदीची प्रत माहिती अधिकारात मागितली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केलं, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प लागतो. अपिलाची तारीख लागायच्या आधीच प्रत आली, पानाला दोन रुपये. आमच्या नोंदीपुढे लिहिलं होतं : ‘अंशतः मान्य’.

मार्च २०२५ मध्ये फेरबदलांसह नकाशा कलम २८(४) प्रमाणे प्रसिद्ध झाला. ओढा आता उगमाकडच्या हद्दीपर्यंत निळ्या रेघेनं आहे. दोन्ही काठांना हरित पट्टा आहे, पण आम्ही मागितला त्यापेक्षा अरुंद, आणि भराव पडलेल्या एका तुकड्यात तो नाहीच, कारण तिथला रेखांकन आराखडा (प्लॉट पाडण्याचा लेआउट) आधीच मंजूर झालेला होता. रस्ता पाणंदीवर सरकला, मात्र बाराऐवजी नऊ मीटरचा. मोजणीच्या विनंतीवर ‘संबंधित विभागाकडे पाठपुरावा करावा’ एवढंच. म्हणजे नकाशात ओढा आला, जमिनीवरचा भराव जागच्या जागी आहे. तो काढण्यासाठी तहसील कार्यालयात वेगळा अर्ज चाललाय, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

पुढचा टप्पा असा : कलम ३० प्रमाणे आराखडा शासनाला सादर झाला आहे. शासन कलम ३१ खाली मंजुरी देताना त्यात बदल करू शकतं. बदल मोठ्या स्वरूपाचे असतील तर तेवढा भाग वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवतात. नगररचनावाले त्या वगळलेल्या भागाला ईपी (एक्सक्लूडेड पार्ट) म्हणतात. म्हणून मंजुरीची बातमी आली की पेढे वाटायच्या आधी ईपीची यादी उघडून आपला गट नंबर शोधा. पट्टे तिथेही गायब होतात. आणि सगळ्या पोचपावत्या, नोटिसा, आवक क्रमांक एका फाईलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. आमची फाईल काकांच्या कपाटात आहे, स्कॅन केलेली प्रत तिघांच्या ईमेलवर.

तात्यांनी एफएसआयचा अर्ज अखेर केला. उरलेल्या जमिनीवर त्या पट्ट्याचा एफएसआय देण्याची नोंद मंजुरीच्या अधिसूचनेतच स्पष्ट यावी, अशी त्यांची मागणी आहे. मसुदा मी टाईप करून दिला, काकांनी गट नंबर तपासले. कॉलनीतल्या लोकांनी त्यावर पाठिंब्याच्या सह्या केल्या, ज्यांच्या घरात पाणी आलं होतं त्यांनी सगळ्यांत आधी. गेल्या सोमवारी तात्या आणि मी तो नगररचना कार्यालयात देऊन आलो. पोच घेतली आहे. दोन प्रतींवर.